आंग धुतलं का? विदर्भातल्या खेड्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

आमच्या गावात सकाळी सात ते नऊच्या दरम्यान कोणीही भेटलं की चहाच्या आधी विचारतं, "आंग धुतलं का?" पुण्याकडून, कोकणातून बदली होऊन आलेले लोक यावर बिचकतात. एक मॅडम तर पहिल्याच दिवशी रडवेल्या होऊन मला म्हणाल्या, "काकू, माझ्या अंगाला वास येतोय का हो?" वास कसला! आंग धुणं म्हणजे आंघोळ, आणि हा प्रश्न म्हणजे नुसता रामराम. "हो जी, धुतलं" म्हणायचं आणि पुढे चालायचं.

आमच्या घरामागच्या दोन खोल्या वीसएक वर्षांपासून भाड्याने आहेत. शिक्षक, बँकेतली मुलं, तलाठी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर असे कितीतरी राहून गेले. सगळ्यांचं पहिलं वर्ष सारखंच जातं. पावसाळ्याच्या तोंडावर सामान येतं. पोळ्यापर्यंत जांघेत नायटा उठतो, दिवाळी उलटली की पोटऱ्यांवर पांढऱ्या रेघा ओढता येतात, आणि मे महिन्यात पाठभर घामोळ्या. यावर प्रत्येकाचा इलाजही एकच: साबण जास्त, पाणी जास्त गरम, घासणं जास्त जोरात. गोम तिथेच आहे. इथली हवा वर्षातून तीनदा कूस बदलते आणि माणूस बाराही महिने एकाच पद्धतीने आंग धुतो. मळाने कातडी बिघडलेली मी फार कमी पाहिली. घासून घासून बिघडवलेली पुष्कळ.

आधी पाणी ओळखा

खोलीची किल्ली घेतली की पहिलं काम म्हणजे न्हाणीतल्या नळाचं तोंड बघा. त्यावर पांढरी खपली बसलेली दिसली, बादलीच्या आत पांढरा कडा उमटलेला दिसला, तर पाणी जड आहे. खात्री करायची असेल तर दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत फिल्टरचं, म्हणजे आरओचं. दोन्हींत साबणाचा चिमूटभर चुरा टाकून हलवा. फिल्टरच्या पाण्यात फेस वर येईल आणि बोअरच्या पाण्यात दही फाटल्यासारखे कण तरंगतील.

ते कण म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि साबण यांची जमलेली साय. ती पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे धुवून जात नाही; अंगावर, केसांच्या मुळाशी आणि फरशीवर बसते. आंघोळीनंतर अंग चिकट, ओढल्यासारखं वाटतं, कुल्ले आणि पोटऱ्या खाजतात, आणि माणसाला वाटतं अजून मळ निघालाच नाही. मग तो आणखी साबण लावतो! अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा पसरलाय तिथे तर पाणी जिभेलाच खारट लागतं. त्या भागात बदली झाली असेल तर ही पायरी सोडू नका.

तुरटी फिरवून उपयोग नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्षार तसेच राहतात. उकळल्याने त्यातले काही तळाला बसतात, सगळे नाही. साधा उपाय असा की साबण कमी वापरायचा आणि शेवटचे दोन तांबे मऊ पाण्याचे घ्यायचे. पावसाळ्यात टिनावरून गळणारं पाणी ड्रममध्ये धरून ठेवा. पहिले तीन-चार पाऊस मात्र जाऊ द्या, कारण टिना-कवेलूवरची वर्षभराची धूळ, पाखरांची घाण सगळी त्यात येते. नंतरचं पाणी केस धुवायला इतकं सुंदर असतं की शाम्पू अर्धा लागतो. उरलेल्या दिवसांत फिल्टरच्या पाण्याचे दोन तांबे बाजूला काढून ठेवले तरी पुरतं.

वेळ बदला

उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी म्हणजे बिनविस्तवाचा बंब. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. खेड्यातही चाळिशीच्या खाली उतरणारे दिवस उन्हाळ्यात कमीच. दुपारी एक वाजता नळ सोडला तर हात भाजतो. म्हणून रात्री झोपताना बादली भरून न्हाणीत ठेवायची, पहाटे त्या गार पाण्याने आंग धुवायचं, आणि दिवस बुडाल्यावर झाकट पडलं की पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळेला साबण नको. नुसतं पाणी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की काही लोक तिसऱ्यांदाही धुतात. पाणी असेल तर धुवा, पण टँकरच्या गावात राहून असली चैन करू नका, शेजारणी नावं ठेवतील.

वावरातून, शाळेतून उन्हातान्हात आल्या आल्या डोक्यावर पाणी घेऊ नये, दहा मिनिटं सावलीत बसावं असं जुनी माणसं सांगतात. रोजच्याला ते पाळायला हरकत नाही. पण ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तिथे एक मिनिटही थांबायचं नाही. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा खिशातच राहू द्या.

हिवाळ्यात उलट. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच वाजता गार पाण्याने आंग धुणारा माणूस गावात एखादाच असतो आणि त्याची कीर्ती पंचक्रोशीत असते. तुम्ही तसं करू नका. ऊन अंगणात उतरू द्या, आठ वाजू द्या.

विसण आणि एक बादली

आता खरी गोष्ट. आमच्याकडे अजूनही हिवाळ्यात पाणी चुलीवर तापतं. कापूस वेचून झाला की उपटलेल्या पऱ्हाट्यांचा भारा घरामागे रचलेला असतो. त्या धडाधडा पेटतात, लवकर विझतात, आणि पाण्याला एक धुरकट वास देतात. हा वास ज्याच्या अंगाला एकदा लागला त्याला गिझरचं पाणी कायम अळणी लागतं. काळ्या पडलेल्या गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, पाणी कढू लागलं की ते न्हाणीत आणून बादलीत ओतायचं आणि वरून विसण घालायचं. विसण म्हणजे गरम पाण्यात मिसळायचं गार पाणी. इथे 'इसन' म्हणतात. नवे लोक हाताचा पंजा बुडवून बघतात. पंजा निबर असतो, त्याला काही कळत नाही. कोपर बुडवा. कोपराला सुखद वाटेल ते अंगाला बरोबर. कोपर मागे घ्यावंसं वाटलं तर आणखी विसण हवं. कढत पाणी अंगाला गोड लागतं खरं, पण कातडीतला स्निग्धपणा तेच काढून नेतं, आणि इथल्या कोरड्या हिवाळ्यात तो परत यायला दिवस लागतात.

वीज असेल आणि पाण्यात सोडायचा रॉड वापरत असाल तर एवढंच: आधी बटण बंद, मग पिन काढायची, मगच पाण्याला हात लावायचा. लोखंडी बादलीत रॉड सोडू नका.

पाणी घ्यायचा क्रम माझ्या सासूबाईंनी मला शिकवला. लग्न होऊन आले तेव्हा मी पहिला तांबा थेट डोक्यावर ओतला. न्हाणीच्या पडद्याबाहेरून आवाज आला, "अवं, आधी पायाले दे! पायाले कळू दे पाणी आलं म्हणून." तेव्हापासून क्रम ठरला. पहिला तांबा पावलांवर, दुसरा गुडघ्यांवर, मग हात, मग खांद्यावरून पाठीवर. पाठीवर गरम पाणी पडलं की अंगावर शहारा येतो आणि तोंडून आपोआप देवाचं नाव निघतं. माझ्या आबाजींच्या तोंडून शिवी निघायची, पण तीही प्रेमाने. त्यानंतर साबण, मग बाकीचं पाणी. डोकं रोज धुवायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. धुळीच्या दिवसांत तीनदा.

एका बादलीत, म्हणजे पंधराएक लिटरमध्ये, सगळं बसतं. चार तांबे ओलं व्हायला, सहा-सात धुवायला आणि शेवटचे दोन खास: डोळे मिटून, घाई न करता, एक उजव्या खांद्यावरून आणि एक डाव्या. पाच ते सात मिनिटं. त्याहून जास्त वेळ पाण्यात राहून कातडी मऊ होत नाही, उलट कोरडी पडते.

साबण कमी, घासणी बंद

तीनेक वर्षांपूर्वी एक सर आमच्याकडे राहायला होते. शिस्तीचा माणूस. रोज सकाळी न्हाणीतून खर्रखर्र आवाज यायचा. प्लास्टिकची घासणी, भांड्याची असते तशी. सासूबाई तुळशीला पाणी घालता घालता एकदा ओरडल्याच, "सर, आंग धुऊन रायले का गंज घासून रायले?" सर लाजले. पण सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या दंडांवर आणि मांड्यांवर बारीक लाल पुरळ मी स्वतः पाहिला. घासणी सोडायला लावली, साबण फक्त काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरता ठेवला, तर तीन आठवड्यांत पुरळ बसला.

हेच तुम्हीही करा. घाम आणि वास जिथे साचतो तिथे रोज साबण. हात, पोटऱ्या, पाठ यांना रोज पाणी पुरतं. चिखलामातीचं काम केलं असेल त्या दिवशी साबण लावा. साबण घेताना वेष्टनावर टीएफएम बघा, म्हणजे त्यात चरबीचा अंश किती ते. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिल्या प्रतीचा अंगाचा साबण. ज्या वडीवर 'बेदिंग बार' लिहिलंय तिच्यात तो पुष्कळ कमी असू शकतो. खरं तर बहुतेक साबण अंगापेक्षा अल्कधर्मी असतात, कातडी थोडी आम्ल असते. म्हणून कमी तेवढा बरा. बेसन किंवा मसुरीचं पीठ जड पाण्यात साय धरत नाही, तो त्याचा मोठा गुण. दह्यात किंवा पाण्यात सैल कालवून लावा आणि ओलं असतानाच धुवा. वाळवून चोळून काढलं की पुन्हा तीच घासणी झाली.

न्हाणीतला काळा खडबडीत दगड फक्त टाचांसाठी आहे. तो कोपरांना, गुडघ्यांना, मानेला लावायचा नाही. मान काळी दिसते म्हणून ती दगडाने घासणारे लोक मी पाहिलेत. मान आणखी काळी झाली.

पुसणं

याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. मे महिन्यात अर्धवट पुसा, पावसाळ्यात हाडापर्यंत पुसा, हिवाळ्यात टिपा.

उन्हाळ्याची इथली हवा कोरडी असते. ओल्या अंगावरून वारा गेला की पाणी उडतं आणि अंग गार होतं. कूलर त्यावरच चालतो. म्हणून दुपट्ट्याने वरवर पाणी निपटून सैल सुती कपडा घाला आणि ओसरीवर पाच मिनिटं बसा. या पाच मिनिटांसाठी मी मे महिना माफ करते. पावसाळ्यात मात्र पायाच्या बोटांच्या बेचक्या, जांघा, काखा, स्तनांखालची जागा आणि कमरेचा करदोडा, सगळं कोरडं. करदोड्याचा दोरा ओला राहतो आणि नायटा बरोबर त्याच्या खालून सुरू होतो. नायटा बरा होईपर्यंत करदोडा काढून ठेवा. देव रागावत नाही. हिवाळ्यात टॉवेल नुसता दाबायचा आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावायचं. सुकल्या अंगावर लावलेलं तेल कपड्यांनाच लागतं.

तेल कोणतं? खोबरेल आणि तिळाचं चांगलं. जवसाचं तेल आमच्याकडे घरोघरी असतं, भाकरीवर चटणीसोबत त्याला तोड नाही, पण ते हवेत वाळून चिकट होतं, अंगाला लावू नका. मोहरीचं काहींना झोंबतं. गडचिरोली-गोंदियाकडे मोहाच्या बियांचं तेल मिळतं, थंडीत ते तुपासारखं थिजतं आणि भेगाळलेल्या टाचांवर फार छान बसतं. स्वस्तातलं आणि हमखास हवं असेल तर साधी पेट्रोलियम जेली. रात्री टाचांना लावून वर सुती मोजे. आठवड्यात फरक.

तीन ऋतूंच्या तीन खोडी

घामोळ्या घामाची तोंडं बंद झाल्याने येतात. त्यावर तेल लावलं तर तोंडं आणखी बंद. पावडरचा लपका घामात भिजून खळ होते, तीही नको. गार पाणी, सैल सुती कपडा, वारा आणि वाटलं तर कॅलामाइन लोशन. मुलतानी माती लावली तर ओली असतानाच धुवा. आणि होळीच्या सुमारास पळस फुललेला असतो तेव्हा पोट्टे फुलं गोळा करतात. ती रात्रभर पाण्यात भिजवून त्या केशरी पाण्याने लेकरांना आंघोळ घालतात, म्हणजे उन्हाळा बाधत नाही अशी समजूत. बाधो न बाधो, त्या बादलीचा रंग बघून उन्हाळ्याबद्दलचा अर्धा राग जातो.

पावसाळ्यात चिखल्या. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी करणाऱ्या बायांचे पाय तासन्‌तास चिखलात असतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, फाटतात, चालताना जीव जातो. वावरात उतरण्याआधी बेचक्यांत खोबरेल लावा, घरी आल्यावर स्वच्छ धुवून कोरडं करा. रात्री मेंदीचा लेप लावायची जुनी रीत आहे, त्याने कातडी जरा आवळते. खाज आणि वास असेल तर क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम दोन ते चार आठवडे.

नायट्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. औषधाच्या दुकानात जाऊन "खाजेचं द्या" म्हटलं की पुष्कळदा तीन-चार औषधांचं मिश्रण असलेलं मलम हातात पडतं, आणि त्यात स्टेरॉइड असतं. आमच्या भाडेकरू पोराने असंच आणलेलं. दोन दिवसांत खाज थांबली, तो खूश. महिन्याभरात नायटा मांडीवरून पोटावर आला, कडा पुसट, मध्ये कातडी पातळ. स्टेरॉइडने खाज दबते आणि बुरशी आतून वाढते. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली आणखी कडक झाला, तरी मिळतात. नळीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन ही नावं दिसली तर नायट्यावर लावू नका. आणि डाग गेला तरी औषध पुढे दोन आठवडे चालू ठेवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, चड्डी कडक उन्हात उलटी करून वाळत घाला. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल तर तो नायटा नाही, खरूज. तिचं औषध सगळ्या घराने एकाच रात्री लावायचं असतं.

हिवाळ्याचं वर सांगून झालं.

वावरातून आल्यावर

तुम्ही शेती करत नसाल तरी घरमालकासोबत हौसेने वावरात जालच. गाजर गवताला हात लावू नका; काहींचा चेहरा, मान, कोपराचे लवण यामुळे वर्षानुवर्षं खाजतात. खाजकुयलीच्या शेंगेची लव लागली तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढून काढायची आणि मग धुवायचं. आणि बिबा. दुखऱ्या गुडघ्याला, कुरुपाला कोणी प्रेमाने बिब्याचा चटका द्यायला आलं तर हात जोडून नाही म्हणा. त्याच्या काळ्या तेलाने फोड येतात, डाग वर्षभर राहतो. त्याच्या आतली बी, म्हणजे गोडंबी, खायला छान. ती फोडणाऱ्या बायांची बोटं बघाल तर घास फिरेल.

फवारणीची गोष्ट वेगळी, ती हसण्यावारी न्यायची नाही. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. औषध नाकातोंडातूनच जातं असं नाही, कातडीतूनही जातं. फवारणी करून आलेल्या माणसाने ओसरीवर बसून चहा प्यायच्या आधी न्हाणीत जायचं. कपडे तिथेच काढून वेगळ्या बादलीत टाकायचे, घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत, आणि बायकोने ते उघड्या हाताने धुवायचे नाहीत. भरपूर साध्या पाण्याने आणि साबणाने केस, कानामागे, नखं, जांघा धुवायच्या. गरम पाणी नको, घासणं नको. पंपातलं पाठीवर सांडलं असेल तर वावरातच कपडा काढून पंधरा मिनिटं पाणी ओता. लाळ, घाम, अंधूक दिसणं, उलट्या सुरू झाल्या तर औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना.

आठवड्यातून एकदा बघा

आंघोळ ही स्वतःचं अंग बघायची एकुलती एक वेळ. रविवारी उजेडात बघा, पाठ दुसऱ्याला बघायला सांगा. आसपासच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही, आणि डोळे मिटून त्यावर कापसाची वात फिरवली तर कळत नाही, असा असेल तर आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. आमचा मुलूख त्याला ओळखतो: वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. आता गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा बारा महिने घ्याव्या लागतात आणि माणूस बरा होतो. लपवून बोटं गमावण्यात काही अर्थ नाही.

सुट्टीच्या दिवशी

न्हाणीबाहेरचं न्हाणंही इथे आहे. पौषात अमरावती जिल्ह्यातल्या ऋणमोचनला पूर्णेकाठी यात्रा भरते. पूर्वी नदीत उतरताना लोक चिखलात घसरत, म्हातारी माणसं पडत. गाडगेबाबांनी १९०८ साली तिथे घाट बांधायचं काम हाती घेतलं. खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या बाबांच्या मोठ्या कामांची सुरुवात आंघोळीच्या पायऱ्यांपासून झाली, हे मला फार आवडतं. पैनगंगेपलीकडे, नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात उनकेश्वरला गंधकाच्या वासाचे गरम झरे आहेत. कातडीचे रोग बरे होतात म्हणून लोक जातात. तुम्ही सुखासाठी जा, औषध सोडून जाऊ नका. उघडी जखम असेल तर पाण्यात उतरूही नका. लोणारला गेलात तर काठावरच्या झऱ्याच्या धारेखाली हात-तोंड धुवा, सरोवरात उतरू नका. ते पाणी साबणासारखंच अल्कधर्मी आहे, २०२० च्या जूनमध्ये त्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झालं होतं.

पण माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी एकच दिवस चुकवू नका: पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. बैल नाल्यावर नेऊन धुतलेले असतात, अंग काळंभोर नाहीतर पांढरंशुभ्र चमकत असतं. वर्षभर जू ओढून खांद्यावर कातडीची गादी झालेली असते. घरधनी कोमट पाण्याने खांदा शेकतो, मग पळसाच्या पानाने त्यावर तूप-हळद हळूहळू चोळतो. बैल मान खाली घालून डोळे अर्धे मिटतो. धनी त्याच्या कानाशी वाकून म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमचे हे दोन्ही बैलांचं झालं की वाटीत उरलेलं तूप-हळद दोन्ही तळहातांना चोळतात, गंजातलं उरलेलं कोमट पाणी स्वतःच्या पायांवर ओतून घेतात आणि मला हाक मारतात, "आण वं दुपट्टा."